वीज सगळ्यांना सारखीच?

‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (2017) खेळायला घेतला आणि पहिल्याच वादळात मेलो. आभाळ गडगडलं, पाठीवरच्या तलवारीतून ठिणग्या उडायला लागल्या आणि काय चाललंय हे कळायच्या आत वीज पडली. नियम नंतर समजला. वादळात अंगावर धातू असेल तर वीज तुमच्यावर पडते. लाकडी शस्त्र घ्या, सुटलात.

निन्टेन्डोचे लोक याला ‘केमिस्ट्री इंजिन’ म्हणतात. आग, पाणी, वीज यांसारखी बळं पदार्थांची अवस्था बदलतात, एकमेकांचीही बदलतात. पदार्थ मात्र पदार्थाला बदलू शकत नाही. मला भावली ती यातली समानता. शत्रूच्या हातात धातू असेल तर वीज त्याच्यावरही पडते. नायकाला सवलत नाही. एखाद्या कोड्यात सर्किट अपुरं असेल, तर जमिनीवर तलवारी ओळीने मांडा, करंट वाहतो. आपण ‘चीटिंग’ केली असं वाटतं, पण खेळाची तक्रार नसते. धातू तो धातू. मी दिवसभर जो कोड लिहितो, त्यात ‘ग्राहक खास असेल तर’ अशा कितीतरी ओळी असतात. त्यापुढे हे जग मला न्यायी वाटायचं.

मग आजी आठवली. लातूरकडच्या शेतात आभाळ वाजलं की ती ओरडायची, “इळा फेक तिकडं अन् पळ!” म्हणजे खेळाचा आणि आजीचा नियम एकच. आणि दोन्ही चूक. धातूतून वीज सहज वाहते, पण छोटा विळा वीज ओढून घेत नाही. वीज बहुधा गाठते ती उंच, एकटी उभी असलेली गोष्ट : माळावरचं झाड, किंवा मोकळ्या रानातला माणूस.

भारतात विजेने वर्षाला 2,000 हून जास्त माणसं मरतात. त्यांत बरीचशी शेतात राबणारी. वीज जात बघत नाही, पगार बघत नाही. पण तिच्याखाली कोण उभं आहे, हे आधीच ठरलेलं असतं. त्याच दुपारी मी पुण्यात, पक्क्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर बसून खेळातली वीज चुकवत असतो.

खेळात ठिणग्या दिसल्या की मी मेनू उघडतो. जग थांबतं, मी निवांत तलवार बदलतो. आपल्याकडे ठिणग्यांचं काम पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप करतं. ते जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. पण रोजंदारीवर खुरपणाऱ्या बाईचं जग थांबत नाही. इशारा मिळाला तरी जवळ पक्कं छप्पर हवं, आणि काम सोडल्यावर मजुरी कापली जाणार नाही ही खात्री हवी.

नियम सगळ्यांना सारखा असला की न्याय झाला, असं मला वाटायचं. आता वाटतं, ती फक्त सुरुवात आहे. विजेला न्यायी किंवा अन्यायी म्हणण्यात अर्थ नाही. ते शब्द आपल्यासाठी आहेत, कारण छप्पर कुठे बांधायचं हे आपण ठरवतो.