कूलरचा आवाज

वैशाखात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा कूलर ही चैन उरत नाही. मात्र त्याचा गारवा एका घरात येतो आणि घरघर दोन घरांत. आपल्या विसाव्याची किंमत शेजाऱ्याने मोजावी काय?

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. पण भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत डेसिबल मोजतो कोण? आणि घरात तान्हे मूल असताना ‘बंद करा’ असे तरी कोणत्या तोंडाने सांगावे? सेवाग्रामच्या बापूकुटीतील मातीच्या भिंतींचे कौतुक टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याला ऐकवणे, हे तर निर्दयपणाचे होय.

आमच्या मते शेजाऱ्याचा हक्क कूलर बंद करविण्याचा नाही, दुरुस्त करविण्याचा आहे. पत्र्याच्या फटीत पुठ्ठा खोचला की खडखड तेवढी थांबते, कारण राहतेच. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे थर पात्यांवर कमीअधिक साचतात, पंख्याचा तोल जातो आणि सारी पेटी थरथरते. बुश कोरडा पडला की तो किंचाळतो. स्टँड खिडकीच्या चौकटीला टेकला की भिंतच घुमू लागते. प्रथम प्लग काढावा, कारण ओल्या पत्र्यात उतरलेल्या विजेने माणसे दगावतात. मग पाती खरवडावीत, बुशला तेल द्यावे, स्टँडखाली रबर घालावे.

मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी घरमालकाने एक रात्र शेजाऱ्याच्या खोलीत बसून आपला कूलर ऐकावा. भिंतीतून येणारा आवाज कोणता आणि खिडकीतून येणारा कोणता, हे तेथेच कळते.