शीन-काफ

वरचढपणा दाखवायला मराठीत शब्दांचा तोटा नाही. ताठा, घमेंड, माज, मिजास, रुबाब, दिमाख, शेखी, मगरुरी. उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या चटकन ध्यानात येते, की यांतले निम्मेअधिक फारसी-अरबीच्या वाटेने आले आहेत. मूळ 'मिजाज' म्हणजे स्वभाव, 'दिमाग' म्हणजे मेंदू. 'शेखी' तर सरळ शेखांवरूनच निघाली. ज्यांचा कारभार, त्यांच्या वागण्याला लोकांनी त्यांचेच शब्द चिकटवले असावेत, असा आमचा कयास.

पण हे सारे शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या गर्वाचे आहेत. हदीसमध्ये तकब्बुरची खूण चांगल्या कपड्यांत सांगितलेली नाही. हक नाकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे, ही ती खूण. हजरत लुकमाननी मुलाला केलेल्या नसीहतीत लोकांपासून गाल फिरवू नकोस, असे आहे. तिथला अरबी शब्द उंटाची मान वाकडी करणाऱ्या रोगावरून आलेला, असे मुफस्सिर सांगतात. मान फिरवायला आवाज करावा लागत नाही.

आम्हा महाडकरांना फत्तेखान यांचा मोठा अभिमान. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या परिषदेच्या मंडपाला महाडात कोणी जागा देईना, तेव्हा त्यांनी स्वतःची जमीन दिली. त्याआधी २० मार्चला झालेल्या हल्ल्यात कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला होता. हे आपण जलशांतून सांगतो आणि सांगावेच. मात्र चवदार तळ्याचे पाणी भरायला मुसलमानांना मज्जाव नव्हता, हे सांगायचे राहते. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्यांना तिथे जाता येत नव्हते. आपले आजे-पणजे त्याच तळ्यावर घागरी भरत होते. त्यांनी कोणाला हटकले असेल असे आम्ही म्हणत नाही. ते घागर भरून घरी येत. या येण्याला काय म्हणावे? घमेंड नव्हे, माज तर नव्हेच.

दूर कशाला जा, आमचेच सांगतो. उर्दूत म्हणतात, अमक्याचे शीन-काफ दुरुस्त आहेत, म्हणजे उच्चार चोख आहेत. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला एक मुलगा वर्गात धडा वाचत होता. घरी कोकणी बोलणारा; त्याचा 'काफ' घशातून येईना. आम्ही हसतच म्हणालो, "बेटा, उर्दू वाचतोस की कोकणी?" वर्ग हसला. आम्ही रागावलो नव्हतो, छडी उगारली नव्हती, 'बेटा'च म्हटले होते. शिवाय आमच्या स्वतःच्या घरात आजी कोकणीच बोलायची, आणि पाहुणे आले की आम्ही तिला आत बसायला सांगायचो. बी.एड.ला मुलांचा आत्मविश्वास या विषयावर आम्हाला चांगले गुण होते, तेही लिहून टाकतो.

त्या वर्षी त्याने पुन्हा वाचायला हात वर केला नाही.

आता तो कॉलेजात आहे. एस.टी. स्टँडवर भेटला की अदबीने सलाम करतो. परवा आईची तब्येत विचारली, तर सावकाश, एकेक शब्द तोलून उत्तर दिले. गाडी लागली तशी सोबतच्या पोरांत मिसळून कोकणीत भरभरून बोलू लागला. आमच्याशी बोलताना मात्र प्रत्येक काफ त्याने घशातून काढला होता.