जागा कोणासाठी करावी?



आज निरूपणाला जो विषय घेतला आहे तो ग्रंथातला नाही, एका घरातला आहे. मुंबईच्या उपनगरात आमचे एक माळकरी राहतात. एक खोली, स्वयंपाकघर आणि मधे न्हाणीकडे जाणारी अरुंद बोळ, एवढेच त्यांचे घर. त्यात नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुले आणि ऐंशीच्या घरातली म्हातारी आई. आईंनी पुष्कळ वर्षे पायी वारी केली. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून खिडकीशी खाट टाकलेली. तिथेच त्यांचा काकडा, तिथेच हरिपाठ.

गेल्या चातुर्मासात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तो घर ओळखू येईना. पलंग फिरलेला, कपाट सरकलेले, आरसा झाकलेला, दारात नळ्यांची घंटा किणकिणते आहे. खिडकीशी आईंची खाट नव्हती. तिथे तिवईवर पाण्याच्या बरणीत हिरव्या कांड्या आणि शेजारी पोट सुटलेली हसऱ्या बुवाची मूर्ती. खाट गेली होती बोळीत, न्हाणीच्या दाराला लागून. यजमान म्हणाले, "महाराज, फेंग शुईप्रमाणे मांडणी करून घेतली. तो कोपरा धनाचा निघाला. तिथं म्हाताऱ्या माणसाची खाट नको, असं जाणकारांनी सांगितलं."

आम्ही आईंना विचारले, "बरं आहे ना?" त्या म्हणाल्या, "मला काय, कुठंही चालतं. फक्त इथं पहाट झालेली कळत नाही. काकड्याची वेळ चुकते."

आणि सज्जनहो, खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही. पोटभर जेवलो, विडा घेतला आणि निघून आलो. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या घरात दोष काढू नये, अशी मनाची समजूत घातली. पण रात्री झोप लागेना. मातापित्यांच्या सेवेवर कीर्तनात तासभर बोलणारे तोंड आमचेच, आणि जिथे एक वाक्य बोलायला हवे होते तिथे ते मिटले. तेव्हा हे निरूपण आधी आम्हाला स्वतःलाच आहे, मग इतरांना.

त्या गृहस्थाला कोणी दुष्ट म्हणू नये. धंद्यात खोट आली, कर्ज झाले, देणेकऱ्यांचे फोन सकाळपासून सुरू. बुडणारा माणूस काडीलाही धरतो. कोपरा फिरला की दैव फिरेल असे त्याला कोणी सांगितले, त्याने कोपरा फिरवला.

आता ही विद्या आहे तरी काय, ते नीट पाहू. न पाहता निंदा करणे हा वारकऱ्याचा धर्म नव्हे. 'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. चीन देशातली ही फार जुनी विद्या. तिचा एक मूळ ग्रंथ क्वो फू (इ. स. २७६ ते ३२४) यांच्या नावावर सांगतात. गंमत अशी की, तो ग्रंथ राहत्या घराविषयी नसून पूर्वजांना पुरण्याच्या जागेविषयी आहे. 'ची' नावाची प्राणशक्ती वाऱ्याने पांगते आणि पाण्यापाशी थांबते, अशी त्या लोकांची धारणा. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून हाडे गोठवणारा वारा सुटतो, आणि ऊन येते ते दक्षिणेकडून. म्हणून पाठीशी डोंगर असावा, पुढे मोकळे अंगण असावे, दार दक्षिणेला असावे, असा तिकडचा नियम झाला. बीजिंगचा जुना राजवाडा असाच दक्षिणाभिमुख आहे, आणि त्याच्या पाठीशी उत्तरेला माणसांनी माती रचून उभी केलेली टेकडी आहे. यात वावगे काय? आपला शेतकरी गोठ्याचे तोंड झडीच्या पावसाकडे करीत नाही, तोच हा न्याय.

लहान घराविषयी ही विद्या जे सांगते त्यातलेही बरेच घेण्यासारखे आहे. दार पुरते उघडावे, त्याच्यामागे चपलांचा ढीग नको. निजल्या जागेवरून दार दिसावे, पण खाट दाराच्या अगदी रेषेत नको. खाटेखाली अडगळ कोंबू नये. चालताना पायात येईल असे सामान ठेवू नये. हे सारे करावे, अवश्य करावे. आपल्या आजीने हातात केरसुणी घेऊन हेच सांगितले होते, फक्त तिने त्याचे पैसे घेतले नव्हते. मात्र वारा-पाणी पाहायचे ते आपल्या गावचे पाहावे. कोकणपट्टीत पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूची भिंत ओल धरते. तिला कपाट चिकटवून ठेवले तर कपड्यांना बुरशी येणारच. चार बोटे जागा सोडावी. त्याला होकायंत्र लागत नाही. भिंतीला हात लावून पाहिला की पुरे.

इथवर विद्या आहे. यापुढे भय सुरू होते. चिनी सम्राट दक्षिणेकडे तोंड करून सिंहासनावर बसे. आपल्याकडे दक्षिण म्हटली की लोकांना यम आठवतो. एकच दिशा एका देशात राजाची आणि दुसऱ्या देशात यमाची! मग पुण्य दिशेत आहे की मानणाऱ्याच्या मनात? खुद्द या विद्येतही एकमत नाही. एक पंथ डोंगर, नदी, जमिनीचा आकार पाहतो. दुसरा लुओपान नावाचे होकायंत्र लावून गणित मांडतो. अलीकडचा एक पंथ १९८० नंतर अमेरिकेत पसरला; तो दिशा बघतच नाही, दारात उभे राहून कोपरे मोजतो. तीन जाणकार बोलावले तर धनाचे तीन कोपरे निघायचे, आणि म्हातारीची खाट तीनदा हलायची.

त्या कोपऱ्यात काय बसवले होते तेही पाहा. पाण्यातल्या हिरव्या कांड्या लोक बांबू म्हणून घेतात. तो बांबू नव्हेच. ड्रॅसिना जातीचे ते झाड, मूळचे आफ्रिकेतले. कडक ऊन त्याला सोसत नाही, पाने करपतात. म्हणजे ज्याला ऊन नको त्याला खिडकी मिळाली, आणि जिला पहाटेचा उजेड हवा ती गेली अंधारात.

आणि तो हसरा बुवा? तो खराच होऊन गेला असे चिनी लोक मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभीचा भिक्षू. त्याला 'बुदाई' म्हणत, म्हणजे कापडी झोळी. खांद्यावर झोळी टाकून तो गावोगाव हिंडे, मिळेल ते तिच्यात टाकी, पोराबाळांना खाऊ वाटी आणि रात्र होईल तिथे निजे. तिकडचे लोक त्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा अवतार समजतात. सज्जनहो, विचार करा. ज्याला घर नव्हते, कोपरा नव्हता, तिजोरी नव्हती, त्याला आपण धनाच्या कोपऱ्यात पहारेकरी नेमला! त्याचे हसू कशाचे आहे? जवळ काही नसल्याचे ते हसू आहे. ते ज्याला कळेल तो त्याला नमस्कारच करील, आम्हीही केला.

आपल्याला हे कळायला चीनला जावे लागत नाही. आळंदीहून निघालात की रोज नवा मुक्काम. आज सासवड, पुढे जेजुरी, लोणंद, फलटण. रात्री एका राहुटीत वीस-पंचवीस माणसे. राहुटीचे तोंड कुठल्या दिशेला आहे हे कोणी विचारले आहे का? पडशी उशाला घेतली की झोप. पण एक गोष्ट मात्र प्रत्येक जण बघतो. म्हाताऱ्या माणसाला कडेची, उठायला सोयीची जागा मिळाली का? ओल कुठे आहे, तिथे तरुणाने निजावे. ही आपली मांडणी.

तमिळ देशातली पहिल्या तीन आळवार संतांची कथा याच अर्थाची आहे. तिरुकोयिलूर गावी रात्री मुसळधार पाऊस. एक संत एका घराच्या चिंचोळ्या बोळीत आडवा झाला. दुसरा भिजत आला. पहिला म्हणाला, "इथे एक निजेल, पण दोघे बसतील. या." दोघे बसले. तिसरा आला. "दोघे बसतील, पण तिघे उभे राहतील. या." तिघे उभे राहिले. मग अंधारात वाटू लागले की, कोणी चौथा आपल्यात दाटीवाटीने शिरतो आहे. तो कोण, हे त्यांना भक्तीच्या उजेडात दिसले. तो साक्षात नारायण.

बोळच होती तीही! पण त्या बोळीत एकाने दुसऱ्यासाठी आपले निजणे सोडले, म्हणून चौथ्याला यावेसे वाटले. आमच्या यजमानाच्या बोळीत एकीला सरकवून बाकीचे ऐसपैस झाले. जागा सारखीच अरुंद, अंतर एवढेच.

कार्तिकात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. वाद घातला नाही. म्हटले, "आज मुक्काम करतो. आम्ही बोळीत निजतो, आईंच्या खाटेशेजारी." यजमान संकोचले, पण आम्ही हट्ट सोडला नाही. रात्रभर कोणी ना कोणी न्हाणीत जाई, दिवा लागे, पाणी वाजे, ओलांडून जावे लागे. आई कूस बदलून निमूट पडून होत्या. पहाट केव्हा झाली ते आम्हालाही कळले नाही. सकाळी यजमानांनी विचारले, "महाराज, झोप लागली ना?"

आम्ही म्हटले, "नाही लागली. आई इथंच निजतात ना रोज?"

एवढेच बोललो. चातुर्मासात बोलायचे राहिले होते ते हेच वाक्य. ते बराच वेळ उभे राहिले. मग मुलाला हाक मारली, "अरे, खाटेला हात लाव." तिवई बोळीत गेली, कांड्यांची बरणी तिच्यावर, हसरा बुवाही तिथेच. खाट खिडकीशी आली. सुनेने पायथ्याशी तांब्या ठेवला. आई काही बोलल्या नाहीत. खिडकीची दांडी हाताने चाचपून पाहिली.

कर्ज फिटले का, असे कोणी विचारील. नाही फिटले. हप्ते चालू आहेत, कष्टही चालू आहेत. खाट हलवल्याने कर्ज फिटते असे आम्ही सांगू लागलो, तर त्या जाणकारात आणि आमच्यात फरक तो काय राहिला? दारातली घंटाही तशीच आहे. धाकट्या मुलाला तिचा नाद आवडतो. पण आता पहाटे त्या खिडकीतून काकड्याचा आवाज येतो, आणि यजमान म्हणतात, त्या आवाजाने जाग आली की फोनची भीती आधीसारखी वाटत नाही.

पुंडलिकाचे घर तरी केवढे असेल? दारात देव उभा, आणि हात गुंतले आईबापांच्या पायांशी. त्याने वीट फेकली. ती कोणत्या दिशेला पडते, हे त्याने पाहिले नाही. आईबापांचे पाय सुटत नाहीत ना, एवढेच पाहिले. दोन पावलांपुरती ती जागा. देव तिच्यावर उभा राहिला, तो अठ्ठावीस युगे झाली तरी हललेला नाही.

तेव्हा येत्या एकादशीला प्रत्येकाने आपले घर एकदा पाहावे. पहिला उजेड कुठे येतो, चांगला वारा कुठे लागतो, आणि तिथे आज कोण बसले आहे. वस्तू बसली असेल तर ती उचलावी आणि माणसाला बोलवावे. एवढी मांडणी झाली की पुरे. बाकीचे, विटेवर उभा आहे तो पाहील.

रामकृष्णहरी.