गरीब कोण, हे कोणी ठरवायचे?

सरकारी मदतीच्या कुठल्याही योजनेपुढे पहिला पेच एकच असतो. खरा गरजू ओळखायचा कसा? उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाचा रंग, दारिद्र्यरेषेची यादी अशा नाना चाळण्या आपण वापरून पाहिल्या. चाळणी धरणाऱ्याशी ओळख असली की बागायतदार यादीत बसतो आणि भूमिहीन विधवा बाहेर राहते, हे कुठल्याही गावात विचारा.

महाराष्ट्र विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी ही चाळणीच काढून टाकली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ साली त्यांच्या कल्पनेतून छोटा प्रयोग झाला. पुढे त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिचे घोषवाक्य झाले : मागेल त्याला काम. दाखला नको, शिफारस नको. उन्हात खडी फोडायची, मातीची पाटी उचलायची आणि मोजमापाप्रमाणे मजुरी घ्यायची. घरात धान्याची कणगी भरलेली असेल तो या कामाला कशाला येईल? अर्थशास्त्रातला हा पक्का विचार आहे : अट अशी ठेवा की गरज नसलेला आपणहून बाजूला होईल. (पुढाऱ्याचा पुतण्या पाटी उचलायला येत नाही, मस्टरवर त्याचे नाव मात्र येऊ शकते. मुकादमाची खोटी हजेरी हा या योजनेचा जुना रोग.)

१९७२च्या दुष्काळात लाखो माणसे दुष्काळी कामांवर गेली. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. खडीच्या ढिगाशेजारी झाडाला झोळी बांधायची, मूल त्यात टाकायचे आणि हातोडी घ्यायची. कामावर खायला मिळणारी सुकडी पदराला बांधून घरी न्यायची. विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता. उपकार म्हणून मिळणारे काम आता हक्काचे झाले. केंद्राला असा कायदा करायला २००५ साल उजाडले.

घाम हीच कसोटी ठेवली की म्हातारे, आजारी, बाळंतिणी बाहेर पडतात, हे खरे. त्यांना पेन्शन आणि धान्यच द्यावे लागते. रोजगार हमी त्याला पर्याय नाही.

पण पैसा कुठून आला? बराचसा शहरातल्या पगारदारांच्या खिशातून. याच योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, ते हेच. वर्षाचे अडीच हजार. गावच्या पाझर तलावाला मुंबई-पुण्याच्या कारकुनाने हातभार लावला, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

फेब्रुवारीत शंभर जास्त का, तर राज्यघटनेने या कराला वर्षाला अडीच हजारांची कमाल मर्यादा घातली आहे आणि हिशेब तिथे नेमका बसवायचा असतो. ही मर्यादा १९८८ साली ठरली. तेव्हापासून पगार कितीतरी पटींनी वाढले, ती जागची हललेली नाही. परिणाम असा की महिना तीस हजार मिळवणारा आणि दहा लाख मिळवणारा, दोघेही वर्षाला तेच अडीच हजार भरतात. हे राज्याच्या हातात नाही. घटनादुरुस्ती संसदेनेच करायची आहे, आणि ती मागणी पगारदारांनीच करायला हवी.