काडेपेटीतील पिन

गेल्या आगमनकाळातील दुसऱ्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो, तेव्हा आमचा धाकटा मेव्हणा ओसरीवर बसलेला होता. भोकरदन तालुक्यातील आपल्या गावाहून तो पहाटेच्या एस.टी.ने निघाला होता. चहा झाला, सोयाबीनच्या भावाची चौकशी झाली, आणि मग त्याने खिशातून एक काडेपेटी काढून आमच्या तळहातावर रिकामी केली. पोलादाचे दोन तुकडे होते, जोडून धरले तर करंगळीपेक्षाही आखूड. सासऱ्यांच्या वेळच्या जुन्या एकनळी बंदुकीची ती फायरिंग पिन होती.

"दाजी, तुमच्या हातचं अर्ध्या तासाचं काम हाय," तो म्हणाला. "रानडुकरांनी मका झोपवला. आता हरभऱ्यात शिरलीत. बंदूक नुसती उडवली तरी आठ दिवस फिरकत न्हाईत."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही तीस वर्षे आय.टी.आय.मध्ये मुलांना टर्नरचे काम शिकविले आहे आणि निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ ठेवून आहोत. गावोगावच्या पंपांचे दांडे, रसवंतीचे गज, मळणीयंत्राच्या बुशी आमच्याकडे येतात. खरे सांगायचे तर, मेव्हणा बोलत असतानाच आमचा हात कॅलिपरकडे गेला होता. तुकडे मोजून झाले होते आणि कागदावर आकृतीही उतरली होती. कारागिराच्या हाताला विचार करावा लागत नाही. तुटलेली वस्तू दिसली की तो आपणहून कामाला लागतो. आम्ही थांबलो ते आकृतीखाली माप लिहिताना. आपण काय करीत आहोत, हा प्रश्न तेव्हा कुठे मनात उमटला.

पिनेचे काम वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. चाप ओढला की घोडा सुटतो आणि पिनेच्या मागच्या टोकावर आपटतो. पिन पुढे सरकून काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर ठोका देते. टोपीतला मसाला पेटतो आणि त्याने दारू पेटते. सारी बंदूक त्या एका ठोक्यासाठी असते. पिनेचे टोक गोलसर हवे. ते अणकुचीदार राहिले तर टोपी फुटून जळता वायू उलटा, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. पिन केसभर आखूड झाली तर बार फुसका जातो. पोलादाला पाणी कमी दिले तर टोक चेपते, जास्त दिले तर काचेसारखे तुटते. त्या काडेपेटीतील पिनेचे तसेच झाले होते. पूर्वी कोणीतरी ती बनवून लालबुंद असतानाच तेलात बुडविली असावी आणि नंतर मंद आचेवर तिचा कडकपणा उतरविलाच नसावा. मोडलेल्या जागी पोलादाचा कण राखाडी आणि भरड दिसत होता.

म्हणजे ही दुरुस्ती पहिली नव्हती. ती कोठे झाली, हे आम्ही विचारले नाही.

आता कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ५ सांगते की परवान्यावाचून शस्त्र बनविणे, विकणे आणि दुरुस्त करणेही निषिद्ध आहे. त्याच अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच ठरतो. म्हणजे आमच्या तळहातावर होते ते कायद्याच्या दृष्टीने शस्त्र होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षे झाली आहे. मेव्हण्याकडे बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, आमच्याकडे ती दुरुस्त करण्याचा नाही. प्रश्न इथेच संपला असे कोणी म्हणेल, आणि त्या दिवशी आम्हीही तसेच म्हणालो. परंतु पोलिसांच्या भीतीने एखादी गोष्ट टाळणे आणि ती करू नये म्हणून टाळणे, यांत अंतर आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते अंतर फार मोठे वाटू लागते.

मेव्हण्याने आमचे उत्तर ऐकून घेतले. "मग गावातल्या गावात खिळा घासून बसवतो," एवढेच तो म्हणाला आणि जेवायला न थांबता निघून गेला. सौभाग्यवती दारापर्यंत गेली, परत आली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोलली नाही.

खिळ्याची ही गोष्ट आम्हाला सोडीना. आपण नकार देऊन हात स्वच्छ राखले. पण ज्याला नकार दिला तो आता अधिक वाईट हाताकडे जाणार. खिळ्याच्या मऊ लोखंडाने टोपी फुटली आणि त्याचा डोळा गेला, तर आमच्या स्वच्छ हातांचे मोल काय? चांगला कारागीर बाजूला झाला की काम थांबत नाही, फक्त वाईट होते. हा युक्तिवाद जगात फार चालतो आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. लाच घेणारा बाबूही कधी कधी हेच म्हणतो, हेही खरे.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात या प्रश्नाचा खल जुना आहे. मालक रात्री दुसऱ्याच्या घरात वाईट हेतूने शिरतो. त्याला खिडकीपर्यंत चढायला खांदा देणारा नोकर दोषी की निर्दोष? हे उदाहरण इतके चर्चेत होते की १६७९ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी नोकराला सहजासहजी मोकळे सोडणारे मत निषिद्ध ठरविले. पुढे अठराव्या शतकात संत आल्फोन्स लिगोरी यांनी भेद केला तो असा: दुसऱ्याच्या दुष्ट हेतूत सामील होऊन साहाय्य करणे निराळे, आणि तो हेतू मनाने नाकारून केवळ कृतीने साहाय्य घडणे निराळे. दुसऱ्या प्रकारातही आपली कृती दुष्कृत्याच्या किती जवळची आहे आणि तिच्यावाचून ते घडले असते की नाही, हे तोलावे लागते.

हा तराजू आम्ही हाती घेतला, पण आमच्या मापाला तो नीट बसेना. मेव्हण्याचा हेतू दुष्ट नव्हताच. त्याला मका वाचवायचा होता. रानडुकराला मारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तसे सांगतो. पण त्याला तर बहुधा बारच हवा होता, आवाजाचा. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाविषयी लिहिताना एकाच कृतीची दोन फळे सांगितली, एक हेतूतले आणि एक हेतूबाहेरचे. या बंदुकीची फळे कोण मोजणार? ज्या गावात बांधावरून भाऊबंदकी चालते, तिथे घराच्या कोपऱ्यात उभी असलेली चालू बंदूक केवळ डुकरांसाठी उभी आहे, असे शपथेवर कोण सांगेल? आमचा मेव्हणा शांत स्वभावाचा आहे. त्याचा मुलगा तसा असेलच, याची शाश्वती त्यालाही नाही, हे त्यानेच पूर्वी एकदा आम्हाला सांगितले होते.

जुन्या करारात एक प्रसंग आहे, फारसा वाचला न जाणारा. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की इस्राएलच्या देशात लोहार उरला नव्हता. पलिष्ट्यांनी तो राहू दिला नव्हता, इस्राएली लोकांनी तलवारी-भाले बनवू नयेत म्हणून. नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड, काहीही पाजवायचे झाले तरी शेतकऱ्याला शत्रूच्या गावी जाऊन दाम मोजावे लागत. आम्ही हा अध्याय त्या आठवड्यात पुन्हा वाचला आणि मनात मेव्हण्याची बाजू बळकट झाली. दुरुस्ती ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे तेव्हाही लोकांना कळत होते. आज परवानाधारक दुरुस्तीकार गाठायचा तर आमच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरला जावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, प्रवासाचा खर्च होतो, आणि त्या दुरुस्तीचे पैसे जुन्या बंदुकीच्या किमतीशी स्पर्धा करतात. श्रीमंताची बंदूक बिघडली तर गाडीतून जाते. गरिबाची बिघडली तर खिळा घासला जातो. कायदा दोघांना एकच आहे, पण त्याचे ओझे दोघांच्या पाठीवर सारखे पडत नाही. हे आम्हाला अन्यायाचे वाटते आणि ते तसे म्हणायला आम्हाला संकोच नाही.

तरीही आम्ही पिन केली नाही. का, याचे उत्तर आम्हाला वहीत सापडले.

परवानाधारक दुरुस्तीकाराला नोंदवही ठेवावी लागते. कोणाची बंदूक, तिचा क्रमांक कोणता, काय बिघडले, काय बसविले, कोणत्या तारखेस. प्रथम ही वही आम्हाला सरकारी कटकटच वाटत होती. मग लक्षात आले की आम्ही वर्गात मुलांना हेच शिकवीत होतो: जो भाग बनविला त्यावर आपली खूण हवी, म्हणजे तो मोडला तर कोणाकडे यायचे ते कळते. पंपाच्या दांड्यावर आमचा पंच असतो. बंदुकीच्या पिनेवर आम्ही पंच मारला असता का? मारला नसता. ती गुपचूप घडली असती आणि गुपचूप बसविली गेली असती. तिच्या ठोक्याने पुढे जे काही होईल, त्याला साक्षीदार उरला नसता, आम्हीही नाही. ज्या कामावर आपले नाव घालण्याची हिंमत होत नाही ते काम आपल्या हाताने कसे करावे, याला आमच्याकडे जबाब नव्हता.

जालना हे लोखंडाचे गाव आहे, हे इथे सांगितले पाहिजे. एमआयडीसीतील भट्ट्यांत देशभरचे भंगार वितळते आणि घरांच्या स्लॅबला लागणाऱ्या सळया होऊन बाहेर पडते. यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ होण्याचे स्वप्न पाहिले. आमच्या गावी ते तिन्ही पाळ्यांत चालते, आणि भट्टीवरचा कामगार भंगारात काय आहे हे विचारीतही नाही. योएल संदेष्ट्याने नेमके उलटे सांगितले, फाळांच्या तलवारी करा, हे मात्र आपण सोयीने विसरतो. या जिल्ह्याने दोन्ही पाहिले आहे. असईच्या शिवारात २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठे लढले, आणि १८२७ मध्ये वसलेली जालन्याची छावणी १९०३ मध्ये उठून गेली. पोलाद तेच असते. त्याला पाणी कोण देतो आणि कशासाठी देतो, यावर पुढचे ठरते.

असो. बुधवारी आम्ही एस.टी. धरली आणि मेव्हण्याचे गाव गाठले. खिळा अजून घासला गेला नव्हता. तो आमच्यावर रागावून बसला होता आणि, आम्हाला वाटते, वाटही पाहत होता. आम्ही म्हटले, "चल, शहरात जाऊ. जाण्यायेण्याचा खर्च आमचा, दुरुस्तीचा अर्धा आमचा." तो लगेच तयार झाला नाही. "अर्ध्या तासाच्या कामाला पुरा दिवस," असे दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तो बंदूक गवसणीत घालताना.

दुरुस्तीकार म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी परवाना पाहिला, क्रमांक ताडला, वहीत लिहिले आणि मग बंदूक उघडून नळी हलवून पाहिली. नळी मिटल्यावरही बुडाशी किंचित हलत होती. बिजागरीची खीळ झिजली होती. पिन मी आज करून देतो, ते म्हणाले, परंतु ही खीळ बदलल्याशिवाय बार काढू नका. त्या कामाचा त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मेव्हणा आमच्याकडे पाहू लागला. पत्करलेला निम्मा भाग आमच्याही आवाक्याबाहेरचा होता, हे आम्ही तिथेच कबूल केले. शेवटी त्याने केवळ पिन करून घेतली. दुरुस्तीकारांनी वहीत पुढे लिहिले की खिळीविषयी सूचना दिली, आणि त्याखाली मेव्हण्याची सही घेतली.

परतताना तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. बदनापूरच्या अलीकडे मोसंबीच्या बागा लागल्या तेव्हा म्हणाला, "दाजी, तुम्ही केली असती तर म्या कालच उडवली असती." त्या बोलण्यात आभार होते की ठपका, ते आम्हाला आजही उलगडलेले नाही.

बंदूक आता त्याच्या घरी नवी पिन घेऊन उभी आहे आणि तिच्यातून बार निघालेला नाही. खिळीसाठी पैसे साठवायचे की ती पोलिसांकडे कायमची जमा करून टाकायची, याचा निर्णय त्याने घेतलेला नाही. आम्हीही विचारीत नाही. हरभऱ्याचा चौथा हिस्सा डुकरांनी खाल्ला. माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडविण्यात त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या रात्री गेल्या. यंदा मक्याच्या वेळी त्याने शेताभोवती जुनी लुगडी बांधायचे ठरविले आहे; वाऱ्याने ती हलली की डुकरे बिचकतात असे गावात म्हणतात. सौभाग्यवतीने ट्रंकेतून सात लुगडी काढून त्याच्याकडे पाठविली. मोडकी पिन काडेपेटीसह आमच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि अपुऱ्या मापांचा तो कागदही.