जो उत्तर देतो, त्याच्यावरच राग

काम अडलं की आपण चिडतो कुणावर? बहुतेक वेळा जो समोर असतो त्याच्यावर. एसटी उशिरा आली की कंडक्टरवर, लाइट गेली की वायरमनवर, अर्ज अडकला की खिडकीतल्या माणसावर. हे बरोबर नाही, हे आपल्यालाही कळत असतं. पण मग खरा दोष कुणाचा, हे ओळखायचं कसं? याबद्दल मला बरंच काही शिकवलं ते ‘ट्रेसराउट’ नावाच्या एका छोट्याशा कमांडनं.

आमच्या शाहूवाडी तालुक्यात पावसाळ्यात रेंज येते-जाते, त्यामुळे नेटवर आधीच कुणाचा भरवसा नसतो. मलकापुरात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात रांग लागली होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली. पान उघडायचं, पण ‘सबमिट’ दाबलं की चाक नुसतं फिरत राहायचं. आंबा घाटाकडच्या वाडीतून आलेली एक मावशी दुकानदाराला म्हणाली, “तुझंच नेट बंडल हाय. पोरीचं वर्ष घालवशील की रं!” तो काहीच बोलला नाही. मी त्याच्याच वायफायवरून ट्रेसराउट चालवून बघितलं.

ही कमांड करते काय? इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर ‘टीटीएल’ नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की पॅकेट तिथंच टाकून दिलं जातं आणि तो राउटर सहसा पाठवणाऱ्याला तसं कळवतो. वाट चुकलेली पॅकेटं कायम गोल गोल फिरत राहू नयेत, म्हणून ही सोय. १९८७ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी तिचाच उपयोग वाट शोधायला केला. आधी आकडा १ ठेवायचा, म्हणजे पहिला राउटर उत्तर देतो. मग २, मग ३. प्रत्येक टप्प्याला साधारण तीन पॅकेटं जातात आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते समोर छापलं जातं.

त्या दिवशी चौथ्या टप्प्यापुढे ३०० च्या आसपासचे आकडे होते. पुढच्या दोन ओळींत नुसत्या तीन-तीन चांदण्या, म्हणजे उत्तरच नाही. आणि शेवटच्या टप्प्यावर ४०.

बोट लगेच चौथ्याकडे जातं. पण शेवटच्या टप्प्याचं उत्तर ४० मध्ये आलं, याचा अर्थ पॅकेट चौथ्यातून झटकन पुढं गेलं होतं. राउटरचं मुख्य काम पॅकेट पुढं ढकलणं. ‘तुमचं पॅकेट संपलं’ हे कळवणं त्याच्या लेखी दुय्यम, सवड मिळेल तेव्हाचं. त्यामुळे उत्तर उशिरा देणारा कामही उशिरा करतो, असं म्हणता येत नाही. चांदण्यांचंही तसंच. ते राउटर गप्प होते, पण पॅकेट त्यांच्यातूनच पुढं गेलं होतं.

वाट मोकळी होती. घोळ पलीकडे, सर्व्हरच्या आत असणार आणि तिथलं ट्रेसराउटला दिसत नाही. दुकानदाराच्या नेटचा दोष नव्हता, एवढं मात्र स्पष्ट झालं.

यातली गोम अशी, की काही राउटर गप्प असतात ते कुणीतरी तसं ठरवल्यामुळे. सुरक्षेसाठी किंवा भार नको म्हणून त्यांची उत्तरं बंद ठेवतात. माणसांच्या साखळीत ही चैन वरच्यांनाच परवडते. पलीकडे बसलेल्यांना चांदण्या होता येतं. खिडकीतल्या माणसाला होता येत नाही, कारण मावशी त्याच्यासमोर उभी असते. तो उत्तर देतो, म्हणून बोलणीही तोच खातो.

श्रेयाच्या बाबतीतही आपण असंच करतो. आमच्याच तालुक्यातल्या पावनखिंडीत १६६० मध्ये बाजीप्रभूंबरोबर बांदलांची माणसं लढली. आज आपण त्यातली किती नावं सांगू शकतो?

कुणी म्हणेल, साखळीत सगळेच निर्दोष, मग जबाबदार कुणीच नाही का? “सर्व्हर डाऊन आहे”, “वरूनच आलंय” ही पळवाट आपण रोज ऐकतो. ट्रेसराउट ती पळवाट देत नाही. एखाद्या टप्प्यावर वेळ वाढला आणि तो शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तर तिथं काहीतरी आहे, असं म्हणायला जागा असते. तरीही जपून. कारण मोजलेला वेळ जाण्या-येण्याचा असतो आणि उत्तर परत येतं ती वाट वेगळी असू शकते. ती तुमच्या स्क्रीनवर उमटतच नाही.

म्हणून दोष द्यावा, पण ओळ शेवटपर्यंत वाचून. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या पुढचे टप्पे बघावेत. उशीर पुढे टिकला का, हे विचारावं. आणि सगळं तपासूनही राग उरलाच, तर तो चांदण्यांमागे बसलेल्यांपर्यंत पोचवावा. त्यासाठी तक्रार लिहावी लागते, नावं शोधावी लागतात, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. खिडकीतल्या माणसावर ओरडणं त्या मानानं फारच स्वस्त आहे.