दाटीतील औदार्य

यात्रेच्या वा संमेलनाच्या तळावर मागाहून येणाऱ्यास जो सरकून जागा देतो, त्यास आपण सौजन्यशील म्हणतो. हे योग्यच आहे. परंतु सरकावे लागते ते पुष्कळदा दुसऱ्यालाच, आणि उदार ठरतो तो 'या' म्हणणारा. हे कितपत न्याय्य, असा प्रश्न आम्हांस पडतो.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचेच उदाहरण घ्या. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव असे होते. आदिनिवास ही तेथील पहिली वास्तू. गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि येणारेजाणारे पाहुणे या सर्वांचा मुक्काम त्या एकाच छपराखाली असे. गांधीजींनी स्वतःसाठी वेगळे काही राखले नव्हते, हे विसरता कामा नये. तथापि सर्वांस सारखी जागा म्हणजे सर्वांस सारखी गैरसोय नव्हे. उघड्यावर पथारी टाकून जो निर्धास्त झोपतो त्याचे एक. पुरुषांच्या दाटीत दिवसरात्र वावरणाऱ्या, साठी उलटलेल्या स्त्रीचे निराळे. पुढे जमनालाल बजाजांनी कस्तुरबांसाठी स्वतंत्र कुटी बांधविली. 'बा कुटी' या नावाने ती आजही तेथे उभी आहे.

व्रतस्थ पुरुष स्वतःच्या गरजा तोडतो, आणि त्याच मापाने घरच्यांच्याही मोजू लागतो. हा दोष क्षुद्र माणसांचा नव्हे, म्हणूनच तो लवकर दिसत नाही. आमच्या मध्यमवर्गीय घरांत तर व्रतही नसते. यजमान दारातून पाहुण्यास आग्रह करतो, आणि स्वयंपाकघरात कणीक पुन्हा भिजवली जाते.